बाबांची दुनळी

हुरॉन, साउथ डकोटा
१८ ऑक्टोबर १९५४

ती. हाल्वरदादास, शि. सा. न. वि. वि.

बाबांची दुनळी बंदूक पोचली. बाबांनी जाताना ती मुलाला सोडून जावयाला दिली, म्हणून तू मनात अढी धरशील अशी धास्ती होती. तू स्वतः बांधून पाठवलीस, जीव हलका झाला. आई आमच्याकडे मजेत आहे.

वेस्लीने दुकानातून नवी काडतुसं आणली आणि मक्याच्या शेतात दोन फेझंट पक्षी पाडले. पण खांदा काळानिळा झालाय. शेजारचे ऑस्बी म्हणाले, या जुन्या सोळा बोरच्या बंदुकांत काडतुसाचं घर आखूड असतं. हल्लीचं लांब काडतूस आत बसतं खरं, पण उडताना त्याचं तोंड उलगडून पुढच्या अरुंद नळीत घुसतं आणि जोर आतच कोंडतो. वेस्ली म्हणाला, बसतंय ना, मग झालं. बाबा कुठली वापरायचे, तेवढं कळव. तुझं तो ऐकेल.

आठवण काढत जा.
तुझी इंगा

दुलूथ, मिनेसोटा
२५ ऑक्टोबर

चि. इंगा हिस, अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, खांदा दुखत असेल तर उशी बांध, नाहीतर विणकाम शीक. बाबांनी त्याच बंदुकीवर आपल्याला पोसलं, कधी हूं की चूं केलं नाही. ऑस्बीला म्हातारपणी स्वतःच्या सावलीचीही भीती वाटते. आता बदकं उतरतील. त्यांना साधी काडतुसं पुरत नाहीत, चांगली जोरदार घ्यायला सांग.

आईला नमस्कार. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.
हाल्वर

हुरॉन
९ नोव्हेंबर

हाल्वर,

तुझं पत्र वेस्लीला वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला आणि जोरदार काडतुसं घेऊन आला. शनिवारी तळ्याकाठी डावी नळी फुटली. त्याचा डावा हात तिच्याखालीच होता. डॉक्टरांना अंगठा आणि करंगळी तेवढी वाचवता आली. ऑस्बींनी मोजून पाहिलं. घर अडीच इंचांच्या जेमतेम वर, काडतूस पावणेतीनचं.

आईला विचारलं, तर ती रडायलाच लागली. तू शाळेत असताना या बंदुकीत लांब काडतूस भरलंस, म्हणून बाबांनी तुला पट्ट्याने फोडलं होतं म्हणे. म्हणजे तुला माहीत होतं.

वेस्लीला हे सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो, दादाचं पत्र आलं का. म्हणतो, त्याला लिही, चूक माझीच, त्याने जिवाला लावून घेऊ नये. त्याला काय सांगू, ते तूच लिही.

इंगा

दुलूथ
१६ नोव्हेंबर

चि. इंगा हिस, अ. उ. आ.

वाईट झालं. मला वाटलं होतं, खांदा निखळेल आणि तो कंटाळून बंदूक परत करील. त्याला सांग, पोलाद जुनं होतं.

उजवी नळी शाबूत आहे का, ते तू लिहिलं नाहीस. दोन बोटांनी त्याला आता ती धरता यायची नाही, तेव्हा पाठवून दे. दस्त्याला आधी तेल लाव, मग घोंगडीत गुंडाळ. ओरखडा येता कामा नये.

राग निवळला की लिहीत जा.
तुझा हाल्वर