रेकॉर्ड मध्येच बंद करू नये

मी, खाली सही करणारी अरुणा चंद्रशेखर हर्डीकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार बुकित बातोक, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगून टाकलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. वकीलबाई याचा इंग्रजी तर्जुमा करणार आहेत. 'वन्सं' या शब्दासाठी त्यांनी 'सिस्टर-इन-लॉ' लिहिलं, ते मला फार कोरडं वाटलं, पण असो.

कलम १. माझ्या एकटीच्या मालकीचा हा फ्लॅट माझा मुलगा प्रबोध याला मिळावा. अट एकच. माझ्या थोरल्या नणंद, सुलेखा विश्वनाथ हर्डीकर, वय सत्त्याऐंशी, यांना तहहयात याच फ्लॅटमध्ये, त्यांच्याच खोलीत राहू द्यावं आणि आत्ताची हेल्पर त्यांच्यापाशी ठेवावी. त्यांना वृद्धांच्या 'होम'मध्ये हलवलं, तर प्रबोधचा हक्क संपून फ्लॅट माझी भाची अनघा हिला जावा. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. प्रबोध, रागावू नकोस. पासिर रिसहून दर रविवारी अख्खं बेट ओलांडून तू आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे येतोस, हे मी विसरलेले नाही. पण होमची माहितीपत्रकंही तूच आणली होतीस.

कलम २. या कलमाची कायद्याला गरज नाही, असं वकीलबाई म्हणतात. मला आहे. वन्सं अठराव्या वर्षी मुंबईच्या एका हॉटेलात गोवेकरांच्या डान्स बँडबरोबर गायला लागल्या आणि माझ्या सासऱ्यांनी त्यांचं नाव टाकलं. एकोणीसशे एकोणपन्नास साली त्या बँडबरोबरच सिंगापूरला आल्या. त्यांच्यामागे माझे यजमान आले, बहिणीला परत न्यायला, आणि इथेच नोकरीला लागले. अशी त्या घराची माणसं.

लग्न होऊन मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आठवडाभरात यजमान मला गेलांगकडच्या नाचघरात घेऊन गेले. पांढऱ्या कोटातले वादक, लाकडी जमिनीवर नाचणारी जोडपी, आणि बँडच्या कडेला खुर्चीवर, मांडीत हात ठेवून, मोतिया रंगाच्या साडीत वन्सं. गाणं सुरू झालं आणि त्या बसूनच राहिल्या. मला वाटलं, यांना आज गाऊ देत नाहीत. सॅक्सोफोननी सगळी चाल वाजवली, मग ट्रंपेटने वाजवली. तेव्हा कुठे त्या उठल्या, मायक्रोफोनपाशी गेल्या, एकच कडवं गायल्या आणि परत येऊन बसल्या.

त्या एका कडव्यात नाचणारी माणसं नाचायची थांबली होती. मी मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते. इंग्रजीतलं अक्षर कळलं नाही, तरी अंगावर काटा आला. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात राहतं, सकाळी आपल्याबरोबर चहा पितं, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही. पंचावन्न वर्षं झाली, अजून माझा विश्वास बसत नाही.

त्या काळी रीतच तशी होती. गाणं बँडचं, गाणारी एका कडव्यापुरती. रेकॉर्डवरसुद्धा नाव बँडमास्तरचं, गायिकेचं नाहीच. मलाय, चिनी, इंग्रजी, तिन्ही भाषांत लोक त्यांची गाणी गुणगुणायचे आणि गाणारी कोण हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. मी एकदा तणतणले तेव्हा म्हणाल्या, "अगं, नाव विचारायला माणूस नाचायचा थांबेल. कशाला?" पुढे गिटारवाली पोरं आली, नाचघरं बंद झाली. वन्सं एका दवाखान्यात टेलिफोनवर बसल्या. तिथे लोक अपॉइंटमेंट पक्की झाली तरी परत फोन करायचे.

कलम ३. मोठी समई आमच्या भजनी मंडळाला द्यावी, मागतीलच. पण त्यांच्यापैकी कोणी माझ्यावर भाषण करू नये. मंडळाच्या चिटणीसांनी वन्संना कार्यक्रमाला बोलावून, "ते बँडवालं तेवढं नको हं," असं सांगितलं होतं. वन्सं हसल्या. मी अजून हसलेले नाही.

कलम ४. माझ्या पाटल्या अनघाला. माझ्या साड्या सुनेला, तिने त्या पडद्यांसाठी वापरल्या तरी माझी हरकत नाही.

कलम ५. वन्संच्या आवाजाची आमच्याकडे उरलेली एकुलती एक रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर माझी नात श्रिया हिला. श्रिया, हे नीट वाच, न समजल्यास बाबांकडून समजून घे.

वन्संची आठवण जायला लागली तेव्हा आपण सगळ्यांनी ही रेकॉर्ड लावून पाहिली. नुसती वाजंत्री वाजायची आणि त्या मांडीत हात ठेवून बसून राहायच्या. अर्ध्या मिनिटात प्रबोध सुई उचलायचा. "आई, आत्याला आता काही कळत नाही गं. स्वतःची रेकॉर्डसुद्धा ओळखत नाही." तू इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणालीस, "आजी, शी डोंट रिमेंबर एनीथिंग, ला." हल्लीच्या गाण्यांत गाणारा लगेच सुरू होतो, तुम्हाला तीच सवय. त्यानंतरच ती माहितीपत्रकं आली.

मग एका रविवारी रेकॉर्ड लावली आणि अनघाचा फोन आला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. प्रबोध दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. सुई उचलायला कोणी नव्हतं. सॅक्सोफोन झाले, ट्रंपेट झाला, आणि वन्सं खुर्चीचा हात धरून उठल्या. रेकॉर्डमधल्या बावीस-तेवीस वर्षांच्या सुलेखाबरोबर, त्याच क्षणी, त्याच सुरात, सत्त्याऐंशी वर्षांच्या वन्सं गायल्या. अख्खं कडवं, एकही शब्द न चुकता. आवाज पातळ झाला होता, पण खरा होता. संपल्यावर खाली बसल्या. प्रबोध तसाच वाकलेला होता, नाडी हातात. मग म्हणाला, "आई, परत लाव."

कळलं ना, श्रिया? त्या विसरल्या नव्हत्या, वाट बघत होत्या. म्हणून रेकॉर्ड मध्येच बंद करू नये. ही अट समज.

कलम ६. माझं दहन मंडाईच्या स्मशानात करावं. वन्संना तिथे नेऊ नये. त्या माझ्याबद्दल विचारतील तेव्हा मी गेले असं सांगू नये. त्यांना ते दर वेळी नव्याने कळेल आणि दर वेळी त्या नव्याने रडतील. अरुणा खाली भाजी आणायला गेली आहे, येईलच, एवढंच सांगावं. थांबायला त्यांना जमतं.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून विश्वासला लोणच्याची बरणी आजच दिली.

सही: अरुणा चंद्रशेखर हर्डीकर

साक्षीदार:
१. विश्वास केळशीकर, शेजारी, अकाउंटंट
२. विनीता परचुरे, फिजिओथेरपिस्ट, नोव्हेना

स्थळ: बुकित बातोक, सिंगापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१४