बारा वाजताची नोंद

प्रिय आप्पा,

मी निघताना तुम्ही विचारलंत, "आता परत कधी, ग्रॅज्युएटबाई?" मी बॅग उचलून एसटीत चढले.

माझा पुराचा फोटो पहिल्या पानावर आला तेव्हा तुम्ही तो कचेरीभर मिरवलात म्हणे. तुमच्या निवृत्तीला दोन महिने राहिले, म्हणून तोच मोठा करून चौकटीत बसवायचं ठरवलं होतं. पेपरात त्याची खालची कड कापली होती. मूळ फोटोत खिडकीबाहेर फुगलेली, मातकट नदी आहे. अलीकडे तुमचा हात, आणि हाताखाली पाण्याच्या पातळीची उघडी वही. बारा वाजताची नोंद, २२ फूट. शाई अजून ओली दिसते.

पुराच्या चौकशीत साहेबांनी तीच वही वाचली, तेव्हा मी दारात उभी होते. बारा वाजता २३, म्हणजे धोक्याची खूण. शेवटच्या दोनाला शेपूट जोडलं की तीन होतात. भोंगा मात्र तासभर उशिरा वाजला; साहेब धरून चालले, की तुम्ही लगेच फोन केलात आणि धोक्याचा भोंगा वाजवणारे काकाच तासभर झोपले. काका म्हणत राहिले, फोन आलाच नाही. तुम्ही मान खाली घातलीत, आणि साहेबांनी तो होकार समजला.

आता काका घरी बसून आहेत. त्यांच्या दारावर कुणीतरी चिखल फेकला. आई सांगते, काकू तो रोज धुते, तरी डाग जात नाही. आणि खालच्या आळीतले शिंपीदादा, ज्यांनी माझ्या पदवीदानाचा ड्रेस एका दिवसात शिवून दिला, ते मशीन माळ्यावर चढवताना पाण्यात गेले. तो एक तास त्यांचा होता.

तुमची चूक कशी झाली तेही मला कळतं. कचेरीच्या खिडकीतून दिसणाऱ्या घाटाची एक पायरी म्हणजे एक फूट. सात कोरड्या दिसल्या की बावीस, सहा दिसल्या की तेवीस. त्याच पायऱ्यांवर तुम्ही मला आकडे शिकवलेत. पण उन्हाळ्यात दुरुस्तीवाल्यांनी वर एक नवी पायरी बांधली. "नदीला बढती दिली," म्हणून तुम्हीच हसला होतात. तीस वर्षांच्या सवयीनं त्या दिवशी तुम्ही तीही मोजलीत, आणि तेवीसचे बावीस झाले.

एरवी पूर आला की तुम्ही खिडकीवर विसंबत नव्हता, आकड्यांच्या खांबापर्यंत खाली उतरून जात होता. त्या दिवशीही छत्री हातात घेतली होतीत. मीच म्हटलं, आप्पा, दोन मिनिटं असेच बसा, उजेड छान आहे. लेकीच्या फोटोसाठी तुम्ही बसलात, आणि बसल्या जागेवरून पायऱ्या मोजल्यात. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

आज सकाळी मूळ फोटो आणि माझा जबाब चौकशीच्या साहेबांच्या हातात दिला, पोच घेतली. जबाबात पहिली ओळ माझ्याबद्दल आहे, छत्रीबद्दल. नंतर वहीबद्दल. तुम्हाला बोलावणं येईल. त्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

तुमचीच,
ग्रॅज्युएटबाई