कादंबरीचं नाव घरातून काढताना

ती. अविनाशदादास,

विचुंब्याहून सत्यजीतचा साष्टांग नमस्कार. तुझी शुगर, सुमतीवहिनींची कंबर आणि उरणची हवा ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त अनोळखी नंबरवरून फोन आला की तो बँकेचाच वाटतो. (परवा कुरिअरवाल्याला मी "साहेब, हप्ता भरलाय" असं सांगून मोकळा झालो.)

तुला वाटलं असेल, कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम झाला, पोरगं सुटलं. मलाही तसंच वाटलं होतं. घर माझ्याकडे आलं, कादंबरीला तिच्या वाट्याचे पैसे दिले, आता कर्जावरचं तिचं नाव तेवढं काढायचं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून पनवेलला बँकेत गेलो. तिथे कर्जाचं काम बघणाऱ्या शोभा मॅडम आहेत. त्यांनी हुकूम सावकाश वाचला, परत घडी घातली आणि म्हणाल्या, "घटस्फोट तुमचा झालाय. कर्जाचा नाही झाला." दादा, म्हणजे जगाच्या दृष्टीने आम्ही वेगळे आणि बँकेच्या दृष्टीने अजून जोडीने! मी हप्ता चुकवला तर नोटीस तिलाही. तिला तळोज्यात स्वतःपुरतं घर घ्यायचंय, तर तिथल्या बँकेतले लोक म्हणतात, बाई, तुमच्या डोक्यावर आधीच एक घर आहे. आणि नाव निघतच नसेल तर? "मग विका आणि फेडा," मॅडम म्हणाल्या. विका! मला त्या घरात एकट्याला भीती वाटते हे खरं, पण दुसऱ्या कुठल्याही घरात त्याहून जास्त वाटेल.

शेवटी मंगळवारी कादंबरीचं घरावरचं हक्कसोडपत्र नोंदवायला कचेरीत गेलो. तिने अर्धी रजा काढली होती. (कागद तिनेच लावून आणले होते. मी नुसता फाईल धरून उभा होतो.) फोटो काढणाऱ्याने आम्हाला शेजारी बसलेलं बघितलं आणि खूश झाला. "नवीन घर का? अभिनंदन! वहिनी, जरा जवळ सरका, फोटोत अर्ध्याच येताय." कादंबरी शांतपणे म्हणाली, "अर्धीच येऊ द्या. तेवढाच हिस्सा सोडायचाय." त्या बिचाऱ्याने पटकन बटण दाबलं.

पुढे अंगठ्याची पाळी. माझा अंगठा घामाने असा भिजला होता की मशीन घेईना. नाहीच घेतला तर दुसरी तारीख, असं ऐकलं आणि मी फाईलनेच अंगठ्याला वारा घालायला लागलो. तेव्हा कादंबरीने माझा हात ओढला, ओढणीने अंगठा कोरडा केला आणि स्वतः मशीनवर दाबून धरला. झालं काम. जिन्यात तिने घराची किल्ली काढून दिली. म्हटलं, ठेव ना, मी आत अडकलो तर? तिने किल्ली माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, "अडकलास तर आतून कडी काढ, सत्या." आणि खाली उतरून गेली.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सत्यजीत

ता.क. कर्जावरचं कादंबरीचं नाव काढायला बँकेने संमती एका अटीवर दिलीय, ते वर लिहायचं राहिलं (म्हणजे लिहून खोडलं). माझ्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही. तिच्या जागी कमावता माणूस हवा. सख्खा भाऊ चालतो. तोवर घर माझं आणि कर्ज तिच्याही डोक्यावर. हे माहीत असूनही तिने आधी सही केली.

ता.क. दुसरा. तू हो म्हणशील. मला धास्ती वहिनींची आहे.

ता.क. तिसरा. उरणला येऊन हे तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून पत्र आणि तुझ्या सहीचे बँकेचे कागद कादंबरीबरोबर पाठवलेत. तू हे वाचतोयस तेव्हा ती समोरच बसली असेल. वहिनींना काय ते तीच समजावेल, त्या तिचंच ऐकतात. ती माझ्याबद्दल काय म्हणाली, ते मात्र मला कळवू नकोस.