टोकावड्याला न उतरण्याचा निश्चय

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.
अनिता माहेरी गेल्याला आज आठ दिवस. मी शांत आहे. दुधाचं पातेलं करपलं, पण ते कुणाचंही करपतं.

कारण नोंदवून ठेवतो, पुढे कुणी फिरवून सांगू नये म्हणून. बचत गटाच्या बायका चौदा तारखेला तीन दिवस गणपतीपुळ्याला निघाल्यात. हिला जायचं होतं. मी एवढंच म्हणालो की फिरून माणसाला मिळतं काय, घरी काय कमी आहे? हिने भांडी विसळून पालथी घातली, हात पुसले आणि टोकावड्याची गाडी धरली. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

निश्चय: आणायला जाणार नाही. आसनगावहून लोकलचा पास काढून तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तेवढा मान आहे.

३ डिसेंबर.
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. प्रवासात अचानक भेटणारी अनोळखी माणसं आपला दृष्टिकोन घडवतात, असं एक तज्ज्ञ सांगत होते. पटलं. उद्यापासून एसटीने फिरणार आणि अनोळखी लोकांपुढे माझी केस मांडणार. 'माझा एक मित्र आहे' असं म्हणून. निःपक्षपाती मत मिळेल. शिवाय अनोळखी माणसाला सांगितलेलं तिथल्या तिथे संपतं.

रूट ठरवला. सापगाव ते मुरबाड, पुढे माळशेजची गाडी. टोकावडं वाटेत येतं, हा माझा दोष नाही.

४ डिसेंबर, बुधवार.
पहिली अचानक भेट यशस्वी. मुरबाड स्टँडवर तीन माणसं बघून सोडून दिली, चौथा निवडला. धर्मा नावाचे म्हातारे गृहस्थ. पहिलाच प्रश्न, कुठलं गाव. सापगाव म्हणालो, तेवढ्यावरून कोण ओळखतं? त्यांनी मला नीट निरखलं आणि गाडीत बसल्यावर उठून खिडकीची जागा दिली. मित्राची गोष्ट ऐकून त्यांनी विचारलं, मित्र बायकोशी शेवटचा बोलत कधी बसला होता? म्हटलं तो मुद्दाच नाही. ते गप्प झाले, म्हणजे पटलं.

टोकावड्याला ते उतरले. मी उतरलो नाही. मुद्दाम सरळ समोर बघत बसलो. घाटाच्या तोंडाशी जाऊन त्याच गाडीने परत.

६ डिसेंबर, शुक्रवार.
मैनाबाई, भाजीची टोपली घेऊन. माझ्या शेजारी जागा असून बसल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन दांडा धरून उभ्या राहिल्या. शिकलेल्या माणसाचा दबदबा असतो.

आज केस जास्त खोलात मांडली. मित्राची बायको घोरते, आमटीत मीठ दोनदा टाकते, वगैरे. मग बोलण्याच्या भरात, हल्ली मित्राला संध्याकाळी रिकाम्या घरात पाय टाकवत नाही, हेही तोंडातून निघून गेलं. त्याची गरज नव्हती. मैनाबाई म्हणाल्या, मग हे मित्रानं तिलाच जाऊन सांगावं. भावनेच्या आहारी गेलेलं मत. बाद.

टोकावडे: उतरलो नाही. दुसरी वेळ. मनोबल उत्तम.

९ डिसेंबर, सोमवार.
टोकावड्याच्या अलीकडे गाडी पंक्चर. समोरच ढाबा. मालक चंदर याने मला आत पंख्याखाली बसवलं, भाकरी आणि गावठी अंड्याचा रस्सा वाढला आणि पैसे घेईना. तुमच्याकडून कसे घ्यायचे, म्हणाला. दोन भेटींतच माझ्या व्यक्तिमत्त्वात एवढा फरक पडला आहे.

केस त्याने फार लक्ष देऊन ऐकली. शेवटी विचारलं, मग तुमचे मित्र चौदा तारखेच्या आत जातील का? तारीख मी सांगितल्याचं आठवत नाही. सांगितली असेन.

१० डिसेंबर.
कल्याणहून मुलीचा, कुणालीचा फोन. तीस वर्षांत किती वेळा आईच्या माहेरी गेलात, असं विचारत होती. दोनदा. लग्नात आणि सासरे गेले तेव्हा. ड्युटी होती. फोन तिने ठेवला.

आमटी मीच केली. मीठ विसरलो.

१२ डिसेंबर, गुरुवार.
निश्चय बदललेला नाही, रुंदावला आहे. उद्या टोकावड्याला उतरणार. आणायला नव्हे. ती माफी मागणार असेल तर ऐकून घ्यायला. मग सहलीची परवानगी मी स्वतःहून देणार. प्रवासाचं महत्त्व या विषयावर चार शब्द लिहून खिशात ठेवले आहेत.

१३ डिसेंबर.
पोट ठीक नव्हतं. उद्या.

१४ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३. टोकावडे.
उतरलो. स्टॉपवर धर्मा उभे. मी पत्ता विचारायच्या आत पुढे चालायला लागले. घराच्या ओटीवर मैनाबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. चंदर आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. सासूबाईंनी, म्हणजे कमळाबाईंनी, सगळ्यांची ओळख करून दिली. धर्मा माझे चुलत सासरे. मैनाबाई त्यांची सून. चंदर अनिताचा मामेभाऊ. मी म्हणालो, आम्ही भेटलोय.

अनिता नव्हती. गटाची गाडी सकाळीच गेली. मीठ आणि घोरणं ऐकून ती पोट धरून हसली होती म्हणे. घरात पाय टाकवत नाही हे कळलं तेव्हा मात्र रडली.

सासूबाई म्हणाल्या, "पोरगी रोज गाडीच्या टायमाला रस्त्याव उभी राहायची. तुमी खिडकीत दिसायचात नि गाडी पुढं जायची. समद्यांना सांगितलंत, तिला एकलीला नाय सांगितलंत."

मी सरळ समोर बघत बसलो होतो. ती रस्त्याच्या कडेला होती. मान वळवली असती तर दिसली असती. खिशातला कागद काढला नाही.

१६ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ६. टोकावडे.
अजून इथेच आहे. कुणी जा म्हणत नाही, कुणी राहा म्हणत नाही.

आत्ता अनिताचा फोन आला. आवाज मोकळा होता, मागे बायकांचा गलका. समुद्रावर तिला कुठलीशी साताऱ्याची बाई भेटली. अगदी अनोळखी. ती दरवर्षी फिरायला जाते, कुणी नेईल म्हणून थांबत नाही. पुढच्या महिन्यात कन्याकुमारीला निघाली आहे. अनिताने नाव देऊन टाकलं आहे.

मी म्हणालो, छान. मग म्हणालो, मला तुझ्याशिवाय करमत नाही, घरी ये. ती म्हणाली ऐकू येत नाय, मोठ्यानं बोला. ओटीवर धर्मा, मैनाबाई, चंदर, सासूबाई, सगळे बसलेले. शेंगा सोलायचे हात थांबले होते. मी उभा राहून मोठ्याने पुन्हा सांगितलं. तिला ऐकू गेलं असावं, कारण जरा थांबून म्हणाली, कन्याकुमारीहून आल्यावर बघू.