तळावरची मुलं

१४ जानेवारी, मंगळवार

पैसे नाहीत. रेनाटाने आज शाळेच्या मंडळापुढे सांगून टाकलं — फेब्रुवारीचे पगार होतील, मार्चचे होणार नाहीत. वॉशिंग्टनमधलं बजेटचं भांडण मिटत नाही तोवर भरपाई सुटणार नाही. शाळेची अधीक्षक ती, कधी डगमगत नाही. आज बोलताना पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

मंडळातला हाल्वर लगेच सुरू झाला. "माझ्या आजोबाचं शेत आज विमानांच्या धावपट्टीखाली आहे. मार्लिस, तुझ्याही आजोबाचं. सरकारने हवाई दलाच्या तळासाठी जमीन घेतली. सरकारी जमिनीवर शाळेची करपट्टी लागत नाही. बरं, बुडालेल्या पट्टीची भरपाई देऊ म्हणाले. ती दर वर्षी उशिरा. आणि तळावरच्या सैनिकांची पोरं शिकवायची कुणी? आपण. उरलेल्या चार गुरंवाल्यांनी."

चार हे जरा जास्तच. पण बाकीचं खोटं म्हणता येत नाही.

मी मंडळाची अध्यक्ष. सगळे माझ्याकडे बघत होते. पुढच्या बैठकीत ठरवू म्हटलं आणि उठले.

१६ जानेवारी

थंडीने ट्रक सुरू होईना. माझ्या नवऱ्याने, क्लेटनने, शाळेची बस मात्र अंधारातच काढली. त्याचा फेरा तळावरचा. "फाटकापाशी पोरं उभी असतात," एवढंच म्हणतो.

२१ जानेवारी, मंगळवार

हाल्वर सकाळी घरी आला. बूटही न काढता स्वयंपाकघरात बसला. कॉफी दिली. त्याने युक्ती काढली आहे — तळावरच्या सगळ्या घरांना पत्र पाठवायचं, की भरपाई येईपर्यंत, तीन मार्चपासून, तुमची मुलं शाळेत घेता येणार नाहीत.

"शाळेचा वकील म्हणेल हे टिकणार नाही," मी म्हटलं.

"टिकायला कुणी सांगितलंय? गाजलं म्हणजे झालं. टीव्हीवाले येतील. जनरल लोक फोन करतील. वॉशिंग्टनला कळेल आपण आहोत म्हणून. एक पोर घरी बसणार नाही, बघ तू. नुसती धमकी आहे."

"आणि नाही गाजलं तर?"

"तर मार्चमध्ये शाळेला कुलूप. सगळ्यांच्याच. तुझ्या नातवांच्याही. मग पन्नास मैल मिलर्टनला धाडा या बर्फात."

क्लेटन दारात उभा होता. हातमोजे घालत होता, घालतच होता. हाल्वर गेल्यावर म्हणाला, "हे तू करणार नाहीस."

मी म्हटलं, "मग पगार तू देतोस?"

असं बोलायला नको होतं.

२२ जानेवारी

क्लेटनचं जेवण झालं, ताट धुऊन ठेवलं, गोठ्यात गेला.

२८ जानेवारी, मंगळवार

बैठक व्यायामशाळेत घ्यावी लागली, इतकी माणसं. एका बाजूला आपली, एका बाजूला तळावरची. कुणी सांगितलं नव्हतं तसं बसायला.

तळावरून बोलायला एक बाई उठल्या. सार्जंट ब्रुसार्ड. दक्षिणेकडच्या, लुइझियानाच्या. विमानांची इंजिनं दुरुस्त करतात. मुलगी नाओमी पाचवीत. गणवेशातच आल्या होत्या, कामावरून थेट.

म्हणाल्या, "सरकारने तुमचे पैसे अडकवलेत. मान्य. माझाही पगार तेच सरकार देतं आणि तोही आत्ता अडकलाय. तरी रोज विमानं उडतायत. मी कुणाला म्हटलं नाही, की पैसे आल्यावर नट आवळीन."

तळाच्या बाजूला कुणीतरी हसलं. आपल्या बाजूला कुणी हसलं नाही.

हाल्वर म्हणाला, "बाई, तुम्ही दोन-तीन वर्षांत बदलून जाल. आम्हाला इथंच मरायचंय. ही शाळा आमची आहे."

 "मग माझ्या मुलीची कुठली?" असं विचारून त्या खाली बसल्या.  मी पत्राचा ठराव मताला टाकला.

मतं पडली दोन-दोन. माझं राहिलं.

रेनाटा मान हलवत होती — नको, नको. मला रिकामे वर्ग दिसत होते. माझ्या लेकीचे, बेथचे, दोन मुलगे बसमध्ये पेंगत मिलर्टनला चाललेले दिसत होते. मी हो म्हटलं.

ब्रुसार्ड बाई बाहेर जाताना माझ्यासमोरून गेल्या. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. बघितलंच नाही.

२९ जानेवारी

पत्रं गेली. खाली माझी सही.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी. चारजणींनी येऊन पाठ थोपटली. "कुणीतरी हिंमत दाखवायलाच हवी होती, मार्लिस." केक गोड लागत नव्हता. क्लेटन गाडीतच बसून राहिला.

४ फेब्रुवारी

टीव्हीवाले आले. हाल्वर नवी टोपी घालून कुंपणाशी उभा राहिला, मागे धावपट्टी. बातमी दिली ती किती वेळ — चहात बिस्किट बुडवावं तेवढा. नंतर हवामान.

वॉशिंग्टनहून फोन नाही.

यंदाचं पहिलं वासरू झालं. जिवंत आहे. बर्फातच जन्मलं, कान गारठलेत. क्लेटनने आणून स्वयंपाकघरात चुलीशी ठेवलं. आम्ही दोघं पोत्याने पुसत बसलो. बोललो ते वासराशीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलींचा बास्केटबॉलचा सामना, घरच्या मैदानावर. वाटलं होतं तळावरच्या मुली येणार नाहीत. आल्या. संघातल्या निम्म्या तर त्याच. जीव तोडून खेळल्या.

पण त्यांचे आईवडील! सगळे पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसले. मिलर्टनवाल्यांच्यात. आपल्या मुलींनी बास्केट केली की तिकडून टाळ्या, इकडून टाळ्या, मधे नुसती लाकडी फरशी. 

जिंकलो. मिठाई वाटायला कुणी थांबलं नाही.

१३ फेब्रुवारी

आज क्लेटन आपणहून बोलला. मुलांना परत सोडताना नाओमीने त्याला विचारलं, "तीन तारखेनंतर तुम्ही कुणाला आणणार?" तो म्हणाला, तुलाच. ती म्हणाली, "तुमच्या घरातल्या बाईंनी तर नको म्हटलंय."

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? रस्ता घसरडा होता. रस्त्याकडे बघितलं."

१७ फेब्रुवारी, सोमवार

रेनाटाने सांगितलं, तळावरच्या सहा घरांनी मुलांचे दाखले मागितले. कुणी आजीकडे धाडतंय, कुणी मिलर्टनला. एका बापाने बदलीचा अर्ज केलाय.

हाल्वरला फोन केला. म्हटलं, तू म्हणाला होतास एक पोर घरी बसणार नाही.

"घरी कुठे बसतायत? दुसरीकडे जातायत."

"हाल्वर, भरपाई तळावरची मुलं मोजून मिळते. मुलं गेली तर पुढच्या वर्षी कशावर मागणार?"

 मग म्हणाला, "गाय अडलीय, जातो." ठेवून दिला. हाल्वरच्या गायी एप्रिलमध्ये वितात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मिटलं! वॉशिंग्टनमधल्यांचं मिटलं. भरपाई सुटली, मार्चच्या आत हातात येईल. रेनाटा फोनवर हसत होती की रडत होती कळेना.

विचारलं, आपल्या पत्राचा काही उपयोग झाला?

"मार्लिस, तिथल्या माणसाला मी विचारलं. त्याला आपल्या गावाचं नाव दोनदा सांगावं लागलं."

२१ फेब्रुवारी

तातडीची बैठक. आधीचा ठराव मागे. सगळ्यांचे हात वर, हाल्वरचाही. पाच मिनिटांत संपली. तो ठराव करायला अख्खी संध्याकाळ लागली होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तळावर गेले. आत जाता येत नाही, परवाना लागतो. फाटकावरच्या कोवळ्या शिपायाने आत फोन केला. अर्ध्या तासाने ब्रुसार्ड बाई चालत आल्या. वारा असा की डोळ्यांतून पाणी.

मी म्हटलं, "ठराव मागे घेतला. तीन मार्चनंतरही मुलांना पाठवा. मी सांगायला आले."

"ईमेल आलं."

"मला तोंडाने सांगायचं होतं. खरं तर ती नुसती धमकी होती. प्रत्यक्षात आम्ही कुणालाच—"

"तुमच्यासाठी धमकी होती, मॅडम. माझ्या घरात ती तारीख होती. नाओमीने कॅलेंडरवर फुली मारली होती."

मी म्हटलं, चूक झाली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी चार ठिकाणी राहिले. सगळीकडे आम्ही पाहुणेच. सवय आहे. पण जा म्हणून लिहून आलं ते इथंच."

"तुम्ही जाणार?"

"माझी इथली तीन वर्षं बाकी आहेत," त्या म्हणाल्या. "मी कुठेही जाणार नाही."

हे आश्वासन होतं की इशारा, परत येईपर्यंत ठरवता आलं नाही.

३ मार्च, सोमवार

शाळेच्या दारात थांबले होते. क्लेटनची बस आली. काही बाकं रिकामी, बरीच भरलेली. नाओमी पुढच्या बाकावर. उतरताना क्लेटनला टाळी दिली. माझ्या बाजूला बघून मान हलवली — नमस्कारासारखं काहीतरी. एवढंही मिळेल असं वाटलं नव्हतं.

पगार झाले.

१२ मार्च

वासरं, चिखल, वासरं. लिहायला त्राण नाही. क्लेटन आता बोलतो. वासरांबद्दल, बेथच्या मुलांबद्दल. त्या मताबद्दल नाही.

२७ मार्च, गुरुवार

मंडळाच्या निवडणुकीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. माझी आणि हाल्वरची जागा मोकळी होतेय. सवयीने गेले. दोन अर्ज आधीच आलेले, दोन्ही तळावरचे. पहिला ब्रुसार्ड बाईंचा. कचेरीतली बाई हळूच म्हणाली, "तळावर राहणाऱ्यांनाही इथं मत असतं. कधी देत नव्हते, म्हणून आपण विसरलो. आणि मार्लिस, ते आपल्यापेक्षा जास्त आहेत."

हाल्वर तिथेच बाकावर बसून अर्ज भरत होता. म्हणाला, "भर लवकर. आपल्याला उभं राहायलाच हवं."

मी अर्ज कोराच परत दिला.

घरी क्लेटनने विचारलं, "मग मत कुणाला?"

"तिलाच," मी म्हटलं.