अठाईची पैज

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी सात.
मंचरला ताईकडे जाऊन आलो. येताना कंडक्टरने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि न विचारता मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं. आधारकार्डसुद्धा मागितलं नाही. ज्येष्ठांची सवलत पासष्टला सुरू होते. मी त्रेपन्न. जाब विचारणारच होतो, पण गाडीत गर्दी, मागे लोक खोळंबलेले. शेजारी बसलेला सत्तरीचा माणूस म्हणाला, ऱ्हाऊ द्या बाबा, सरकार देतंय तर घ्यावं. मला बाबा म्हणाला. नारायणगावपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी शिवनेरी.

४ ऑगस्ट, सोमवार.
पाऊस. पायऱ्या निसरड्या असणार. उगाच जोखीम नको.

५ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी साडेनऊ.
किल्ल्याच्या पहिल्या दरवाजापर्यंत जाऊन आलो. पुढचे सहा काही पळून जात नाहीत. उतरताना कॉलेजच्या मुलींचा घोळका वर येत होता. सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि एकीने आधाराला हात पुढे केला. मी धरला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.
शिवनेरी आठवड्यातून एकदा पुरे.

८ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी, दुकानात.
आज संयमने विषय काढला. संयम माझा मुलगा, वय सव्वीस, पुण्यात एमबीए करून परत आलाय. म्हणाला, पप्पा, गादी काढून काउंटर टाकू या. काच, लाइटिंग, ट्रायल रूम. बायकांना खाली सतरंजीवर बसायला त्रास होतो. मग जरा थांबून म्हणाला, तुम्हालाही होतो.
मला काय त्रास? हे कापड दुकान माझ्या वडिलांनी, केवलचंदजींनी, या पांढऱ्या गादीवर बसून उभं केलं. मालक गादीवर, गिऱ्हाईक समोर, मध्ये थान उलगडायचं. गेली पाच वर्षं ते नाहीत, पण गादीची चादर मी आजही रोज बदलायला लावतो. काउंटरमागे उभा राहतो तो सेल्समन. गादीवर बसतो तो शेठ.
संयम म्हणाला, तुम्ही आता आराम करा, बाकी मी बघतो. आराम हा शब्द त्याने दोनदा वापरला.
मग एक बाई साडीची किंमत विचारायला लागली. साडीला लावलेल्या चिठ्ठीवर किंमत आमच्या कोडमध्ये असते. मी वाचायला चिठ्ठी लांब धरली. बाईला वाटलं मी तिलाच देतोय. तिने घेतली आणि पर्समध्ये टाकली. चिमाजीने हसू दाबलं. चिमाजी आमच्याकडे तीस वर्षं आहे, एकसष्टचा झालाय, त्याने हसू नये.
चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहायला सांगायचं. छपाई हल्ली फिकट येते. (चिठ्ठ्या मीच हाताने लिहितो, पण पेनं हल्ली तसली.)

१० ऑगस्ट, रविवार. बाजारचा दिवस. संध्याकाळी आठ.
हात थरथरतोय म्हणून अक्षर असं आलंय. रागाने थरथरतोय, वयाने नाही.
दुपारी डिंभ्याची बायडाबाई आली. जुनं गिऱ्हाईक, बऱ्याच वर्षांनी आली. माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, केवलशेट, वळखलं का? मी काही बोलायच्या आत म्हणाली, तुमी हाये तसंच हायसा, जरा वाळलाय एवढंच. आन पारस कुटंय? लई गुणाचं पोरगं. तुमी बसून ऱ्हायचा आन त्यो उड्या मारून थानं काढायचा.
पारस मीच. काय सांगायला हवं होतं? सांगितलं, पारस बाहेरगावी गेलाय.
चिमाजी मापाची पट्टी शोधायला आत गेला. पट्टी त्याच्या हातातच होती.
मग बाईला संयम दिसला. म्हणाली, आवो ह्यो काय पारस, हितंच तर हाये, बाहेरगावी कसला. संयम काउंटरच्या विद्यापीठातून शिकून आलेला. त्याने पापणी न हलवता सांगितलं, होय आजी, मीच पारस. आणि तिला दोन लुगडी विकली. जाताना बाई माझ्याकडे वळून म्हणाली, शेट, आता समदं पोराच्या हाती द्या, जिवाला जपा.
माझं नाव माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने वापरलं, आणि त्या नावावर धंदा झाला. वडील जाऊन पाच वर्षं झाली, आणि लोकांना मी ते वाटतो. फार वाईट वाटलं. हे कोणाला सांगणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी.
उपाय सापडला.
वीस तारखेपासून आमचं जैनांचं पर्युषण. मी अठाई करणार. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. सत्तावीस वर्षांचा असताना केली होती तेव्हा पेठेतून मिरवणूक निघाली होती. आठव्या दिवशी मी पायी चाललो होतो आणि बँडवाले दमले होते.
संयमला बोलावून सांगितलं: अठाई पूर्ण झाली तर गादीचा विषय कायमचा बंद. नाही झाली तर दुकानाच्या किल्ल्या तुझ्या, हवं ते कर. तो म्हणाला, पप्पा, तपावर कुणी पैज लावतं का? आणि तुमची बीपीची गोळी? गोळी मी डॉक्टरचं मन राखायला घेतो. शेवटी तो बरं म्हणाला. फार पटकन म्हणाला.
चेतनाला सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, पहिल्या दिवशी मीही करते, तुम्हाला सोबत. बायकोचं एवढं तरी असावं.

१७ ऑगस्ट, रविवार.
स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांसमोर जाहीर केलं. चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी, महासतीजी, म्हणाल्या, शरीराची साता बघून करा. साता म्हणजे शाता, सुखरूपता. माझी साता उत्तम आहे.
तयारी म्हणून आज जेवण कमी करणार होतो. पण आठ दिवसांचं आत साठवून ठेवणं हीसुद्धा तयारीच. पुरणपोळ्या चार.

२० ऑगस्ट, बुधवार. पर्युषण, पहिला दिवस.
महासतीजींकडून उपवासाचं पचक्खाण, म्हणजे व्रताचा नियम, घेतलं. एकेका दिवसाचंच घ्यायचं असतं, पण मनात आठ.
दुपारी चार: काहीच वाटत नाही. 
संध्याकाळी प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला, स्थानकात गेलो. मागे भिंतीशी खुर्च्यांची रांग असते, गुडघे गेलेल्यांसाठी. मी मुद्दाम पुढे जमिनीवर बसलो. 

२१ ऑगस्ट, गुरुवार.
दुसरा उपवास. डोकं दुखतंय. उकळलेल्या पाण्याला पातेल्याची चव येते. दुकानात एक गिऱ्हाईक भजी खात आत आलं, त्याला बाहेर काढलं.
चेतनाचाही उपवास. एक दिवस म्हणाली होती. म्हणाली, होतंय तर करते.
संध्याकाळी खुर्चीवर बसलो. पंखा त्या बाजूला आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी दहा.
आयंबिलचं पचक्खाण घेतलं. एकदाच जेवायचं, तेल, तूप, दूध, साखर, मसाला काही नाही. जाणकार लोक सांगतात, आयंबिल हे उपवासापेक्षा अवघड, कारण समोर ताट असून चव नाही. म्हणजे मी तप वाढवलं आहे. 
संयमला तसं समजावलं. तो हं म्हणाला. दुपारी सुतार येऊन दुकानाची मापं घेऊन गेला. मापं घेणं आणि काम करणं यात फरक आहे.
आयंबिलचा भात आणि उकडलेले मूग चेतनाने करून दिले. तिचा तिसरा. 

२३ ऑगस्ट, शनिवार.
एकासणं. दिवसातून एका बैठकीत एकदाच जेवायचं, पण तेल, तूप चालतं. बैठक पावणेदोन तास झाली. बैठक किती वेळाची असावी यावर बंधन नाही.
वाढताना चेतनाचा हात कापत होता. ताट खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली. मी म्हणालो, झेपत नसेल तर सोड, हट्ट कशाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आणखी पोळी हवी का म्हणाली.
घेतली.

२५ ऑगस्ट, सोमवार.
काल डायरी राहिली. काल बियासणं, म्हणजे दोन बैठका. आज नवकारसी: सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात काही घालायचं नाही. लोक याला लहान समजतात. पण मी चहावाला माणूस. अठ्ठेचाळीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसणं काय असतं ते माझं मला माहीत.
स्थानकात बायका येऊन चेतनाची साता विचारतात. तिचा सहावा. मला कुणी काही विचारत नाही. एका बाईने मला एवढंच विचारलं, तुम्ही गाडीने सोडायला आलात का?
चेतना हे मला हिणवायला करते आहे असं क्षणभर वाटलं. तिने मला विचारायला हवं होतं. संयम म्हणाला, मम्मीने मला सांगितलं होतं. रोज आदल्या दिवशी सांगत होती, उद्याही करते म्हणून.

२६ ऑगस्ट, मंगळवार.
नीट विचार केला. पैज अशी होती: अठाई पूर्ण झाली तर गादी राहील. कुणाची, हे मी बोललोच नव्हतो. घर एक, चूल एक, नवरा-बायको एक. घरात अठाई होते आहे म्हणजे अट पूर्ण होते आहे. पहिले दोन उपवास मीही केलेत, उद्या संवत्सरीचा, पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचा, तिसरा. तिचे आठ वेगळे. आकडा आठच्या वर जातो.
संयमला उद्या सांगायचं. बरं वाटलं. संध्याकाळी खिचडी, कढी, पापड, सगळं दिवस मावळायच्या आत.

२७ ऑगस्ट, बुधवार. संवत्सरी.
बाहेर गणपती बसत होते, ढोल वाजत होते. आमचं दुकान बंद. माझा उपवास. घरोघरी नऊ वर्षांच्या पोरांचासुद्धा असतो या दिवशी, त्यामुळे त्याचं कौतुक कुणी करत नाही.
व्याख्यानानंतर तपस्वींचा बहुमान. आमच्याकडे बहुमान पैशाच्या बोलीने होत नाही, तपाच्या बोलीने होतो. जो जास्त तप करायचं कबूल करेल, त्याला तपस्वीला शाल घालायचा मान. चेतनाचं नाव आलं. ती उठून उभी राहिली तेव्हा मला ती कॉलेजातल्या मुलीसारखी बारीक दिसली. पंचेचाळीसची आहे. संयमने मागून बोली केली, तेला. म्हणजे लागोपाठ तीन उपवास. मान मुलाला जाणार हे दिसलं. नवरा मी. मी खुर्चीवरून हात वर केला आणि मोठ्याने म्हणालो, पुढच्या वर्षी अठाई.
सभा गप्प झाली. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. महासतीजी अगदी मायेने म्हणाल्या, पारसजी, भाव फार चांगला आहे. आपण रोजच्या नवकारसीचा नियम घ्या. या वयात तेवढं जमलं तरी पुष्कळ.
तेल्याच्या बोलीवर शाल संयमने घातली.
मग सगळ्यांनी एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागितली. तरुण लोक रांगेने येऊन माझ्या पायाला हात लावत होते. माझ्या एका बाजूला ब्याऐंशीचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एकोणऐंशीचे. रांग थांबतच नव्हती.

२८ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी.
चेतनाचं पारणं. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा मी तिला पाजला. फोटो काढले. पाहुणे जेवायला बसल्यावर मी संयमला बाजूला घेऊन घर एक, चूल एक हा हिशोब समजावून सांगितला. तो आईकडे बघायला लागला.
चेतनाने ऐकलं होतं. वाटी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, अहो, अठाई माझी आहे. ती तुमच्या पैजेत घालू नका.
लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने 'ही माझी' म्हणून एकही वस्तू बाजूला काढल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा दुकानातली, मी काढून दिलेली. मग ती म्हणाली, चौथ्या दिवशी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वाटायचं, तुम्ही एकदा विचाराल.
मी बघितलं होतं. ते मला सांगता आलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार.
संयमला किल्ल्या दिल्या. स्वखुशीने. योग्य वेळी सूत्रं पुढच्या पिढीकडे देणारे लोक कमी असतात. त्याने पाया पडून घेतल्या आणि लगेच सुताराला फोन केला. तो सोमवारीच येणार म्हणे. मी रोज मार्गदर्शनाला जाणार आहे, दहा ते एक.

१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी दोन.
आज गादी काढली.
सकाळी मी तिच्यावरच बसलो होतो. शेवटचं म्हणून नाही, पेपर वाचत होतो. संयम आला आणि म्हणाला, पप्पा, जरा उठता का, सुतार थांबलाय. मला झटकन उठायचं होतं, त्याने विचारायच्या आधीच उठणार होतो असं दिसावं म्हणून. पण पायाला मुंग्या आल्या होत्या. हवा पावसाळी आहे. हात टेकून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने टेकून बघितलं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी शहाणपणाने दुसरीकडे बघितलं.
मग एका काखेत संयमने हात घातला, दुसऱ्या काखेत सुताराने. चिमाजी म्हणाला, दमानं, शेट.
मला उठवायला दोघं लागले. गादी चिमाजीने एकट्याने गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि माळ्यावर नेऊन ठेवली.