डाव्या हाताने टाइप केलेल्या नोट्स

मॅडम, काल माझ्या मुलीने मला विचारलं की नोट्स काढायला कुठलं ॲप चांगलं. ती अकरावीला गेली आहे. तिच्या मोबाइलमध्ये अशी बरीच ॲप आहेत. एकात तर ती नुसती बोलते आणि ते आपोआप मराठीत लिहितं. मी तिला काहीतरी उत्तर दिलं आणि आत भांडी आवरायला गेले, पण मन शिरूरला, आपल्या अर्थशास्त्र विभागाच्या त्या अरुंद खोलीत जाऊन बसलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. आज कारखान्याला सुट्टी आहे, कारेगावात दुपार शांत आहे, म्हणून बसले.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी. दिवाळीच्या सुट्टीत कडबाकुट्टीच्या यंत्रात चारा घालताना माझा उजवा हात आत गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली बोटं गेली. जखम भरली तरी मी कॉलेजला जायचं नाव काढेना. तुमची दौंडहून शिरूरला जाणारी एसटी आमच्या न्हावऱ्याच्या फाट्यावर थांबायची आणि मी तिथेच चढायचे, त्यामुळे मी येत नाही हे इतर कुणाच्या आधी तुमच्या लक्षात आलं. एक दिवस तुम्ही फाट्यावरच उतरलात आणि विचारत विचारत आमच्या घरी आलात. अजून दिसतं मला ते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई चहा गाळते आहे, आबा दारात उभे आहेत. मी हात ओढणीखाली झाकून भिंतीला टेकले आहे. आई तुम्हाला सांगते, "बाई, हिला आता पेन धरता येत न्हाई. परीक्षा कशी देणार ही? घरी राहील, होईल ते करील." तुम्ही चहा संपवता, कप खाली ठेवता आणि आईकडे नाही, माझ्याकडे बघता.

"हात गेलाय तुझा. तोंड शाबूत आहे ना? मग सोमवारी ये."

मला तुमचा भयंकर राग आला होता. अपघातानंतरच्या दोन महिन्यांत जो तो माझ्याशी आवाज खाली आणून बोलत होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. तुम्ही मात्र वर्गात उशिरा आलेल्या मुलीवर खेकसावं तशा खेकसलात. तुम्ही गेल्यावर मी खूप रडले. सोमवारी सकाळी आबांनी गाडी काढली आणि मला फाट्यावर सोडलं.

विभागातला कॉम्प्युटर कसल्याशा अनुदानातून आलेला होता आणि त्यावर शिवून घेतलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. त्याला कुणी हात लावत नसे, तुम्ही तर नाहीच. ते कव्हर काढून तुम्ही म्हणालात की तुमचं लेक्चर ऐकायचं आणि नंतर इथे बसून डाव्या हाताने उतरवायचं. परीक्षेला लेखनिक मिळेल, ते तुम्ही बघाल. पण लिहायचं कशात, हाच मोठा घोळ झाला. आधी मी वर्डमध्ये मराठी फॉन्ट लावून बघितला. त्या फॉन्टला निम्म्या अक्षरांसाठी शिफ्ट दाबून धरावं लागायचं आणि एका हाताने ते जमेना. करंगळी शिफ्टवर ताणून दुसरं बटण शोधता शोधता एका ओळीत दमून जायचे. शिवाय तीच फाइल एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये उघडली, तर सगळ्या मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा आल्या. म्हणून मग मी मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले, साध्या नोटपॅडमध्ये. 'शेती' लिहायला एस, एच, ई, टी, आय. बोटं भराभर चालायला लागली. मी खूश होऊन तुम्हाला दाखवायला गेले, तुम्ही चष्मा लावून वाचायला लागलात आणि थांबलात. "ही अप्रत्यक्ष कार कुठली?" तो 'कर' होता, मॅडम. तुम्ही खूप बोललात मला. मातृभाषेची अशी दैना करतेस म्हणालात. दुसऱ्या दिवशी मात्र एसटीत माझी प्रिंट मांडीवर घेऊन ओठ हलवत वाचत होतात, आणि त्यानंतर पुन्हा कधी अडखळला नाहीत.

नोटपॅडची अडचण अशी की सगळं एकाखाली एक लांबच लांब व्हायचं. लोकसंख्या शोधायला मागणीच्या नियमापासून पार खाली जावं लागे. क्लासमधल्या सरांनी एका मासिकाबरोबर आलेली सीडी मला दिली, तिच्यात नोट्ससाठीचा एक छोटा फुकट प्रोग्राम सापडला. डाव्या बाजूला शीर्षकांचं झाड, उजवीकडे मजकूर. शीर्षकावर क्लिक केलं की त्याच्या पोटातली शीर्षकं उघडायची, पुन्हा क्लिक केलं की मिटायची. मला ते फक्त नीटनेटकं वाटलं होतं. त्याचा खरा उपयोग तुम्ही काढलात. दुपारी डबा खाताना तुम्ही मला सगळं झाड मिटवायला लावायचात, भाकरीचा तुकडा हातात धरून एकेका शीर्षकावर बोट ठेवायचात आणि म्हणायचात, "ह्याच्या पोटात काय?" मी सांगायचे. मग उघडून बघायचं, काय राहिलं ते. लेखनिकाला सांगायचं तर उत्तर डोक्यात ओळीने उभं राहायला हवं, लिहिताना सुचेल असं चालायचं नाही, हे तुम्हाला कळलं होतं. मला तेव्हा तो नुसता छळ वाटे.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सगळं पुसून मशीन नव्याने भरून दिलं. माझी फ्लॉपी होती म्हणून मी निर्धास्त होते. ती घातली, तर घरघर आवाज करत राहिली आणि उघडलीच नाही. क्लासमध्ये नेली, तिथेही नाही. मी परत येऊन स्टुलावर बसले. आता घरी जावं आणि परत येऊ नये, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही काही समजूत घातली नाहीत. खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसलात, कीबोर्ड जवळ घेतलात आणि म्हणालात, "बोल."

"काय बोलू?"

"पहिलं शीर्षक."

मी मागणीपासून सुरू केलं. तुम्ही एका बोटाने अक्षरं शोधत टाइप करायला लागलात, इंग्रजी अक्षरांत, माझ्यासारखंच. मी डोळे मिटून सांगत गेले. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. पैसा झाला, बँका झाल्या, परकीय व्यापार निम्मा झाला. मग माझ्या लक्षात आलं की बटणांचा आवाज येत नाहीये. डोळे उघडले, तर तुम्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होतात. "मी मघाशीच थांबले," तुम्ही म्हणालात. "तुझं काहीही गेलेलं नाहीये."

परीक्षेत माझ्या शेजारी अकरावीतली एक मुलगी लिहायला बसली होती आणि मी तिच्या कानाशी हळू आवाजात बोलत होते. पास झाले. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, त्यावरूनही तुमची बोलणी खाल्ली. पुढे याच टाइपिंगच्या जोरावर कारखान्याच्या ऑफिसात लागले. पगाराचे पेढे घेऊन दौंडला येईन म्हणत होते, आणि तुम्ही गेल्याचं एसटीत एका मैत्रिणीकडून कळलं. तोवर सगळं उरकून बरेच दिवस झाले होते. आजाराचं तुम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. मी तरी आले. रेल्वे क्वार्टरमध्ये तुमच्या मिस्टरांनी स्वतः चहा केला. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, "न्हावऱ्याची ना तू? ती सांगायची, न्हावऱ्याची पोरगी चढली की मी बिनघोर झोपते, शिरूर आलं की ती उठवते."

मुलीला मी शेवटी सांगितलं, कुठलंही घे, पण मिटवून विचारता येईल असं घे. तिला ते कळलं नाही. ती आत्ता बाहेरच्या खोलीत मोबाइलशी बोलत बसली आहे, आणि मी हे लिहून इथेच ठेवणार आहे, कुठे पाठवायचं नाहीच. एवढं मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडताना मी अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंत की या मुलीला विषयाची ओढ आहे. मॅडम, अर्थशास्त्र मला कधीच फारसं आवडलं नाही. मला इतिहास आवडायचा. पण इतिहासाच्या विभागात तुम्ही नव्हता.